आमची वाटचाल : तसबिरींपासून ताडपत्रीपर्यंत

पुण्यात शाळा काढा, पतसंस्था काढा, संस्थापकांचं तैलचित्र लागतंच. नारायण पेठेतला आमचा स्टुडिओ वडिलांनी याच कामावर उभा केला. फोटो यायचा, चौकटी आखून चेहरा कॅनव्हासवर उतरायचा आणि पॅलेटवर तेच ते रंग : यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अंबर, व्हर्मिलियन, पांढरा. पगडी असो की टोपी, मागे तपकिरी. यात धंद्याचं गणितही होतं. अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो. अनावरणाची पत्रिका छापून झाली की याची किंमत कळते, कारण जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं, आणि पुण्याच्या जुलैत तर फारच सावकाश.

कारभार माझ्याकडे आला तेव्हा मी थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन आणि लालसर-जांभळा क्विनॅक्रिडोन असे झगझगीत कृत्रिम रंग आणले. थॅलो ब्लू बाजारात आला १९३५ साली, क्विनॅक्रिडोन १९५८ मध्ये. जगाला जुने, आमच्या पॅलेटवर नवे. आधी ते व्यक्तिचित्रांतच घालून पाहिले, पण हात सवयीने त्यात सिएना ढकलायचा आणि निळ्याला मारून टाकायचा. संस्थापकांचा चेहरा कसा दिसायला हवा हे आधीच ठरलेलं. तिथे नवा रंग करणार काय? म्हणून विषयच बदलला.

मंडईत गेलो. १८८६ ची ती दगडी इमारत आणि तिचा मनोरा सगळेच काढतात, त्याकडे पाठ केली आणि बाहेरच्या गाळ्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या घेतल्या. दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येतं तेव्हा फ्लॉवर निळसर, टोमॅटो जांभळट आणि भाजीवाल्या मावशींच्या हनुवटीखाली चक्क हिरवी झाक! अल्ट्रामरीन हा निळा जांभळ्याकडे झुकतो, त्याने ताडपत्री होत नाही, थॅलोने होते. फक्त तो जालीम आहे. तांदळाच्या दाण्याएवढा घेतला तरी पांढऱ्याचा ढीग निळा करतो, आणि ब्रश नीट धुतला नाही तर पुढचा पिवळा हिरवा झालाच म्हणून समजा. गाळ्याखालच्या अंधारासाठी थॅलो ग्रीनमध्ये क्विनॅक्रिडोन मिसळला. ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा हा काळा खोल वाटतो.

"हे घेणार कोण?" वडिलांनी विचारलं. रास्त होतं, मंडईची चित्रं फारशी खपली नाहीत. फायदा झाला तो जुन्याच कामात. आता गालाच्या सावलीत मी किंचित हिरवा टाकतो आणि कातडी कातडीसारखी दिसते. एका संस्थेचे कार्यवाह बघायला आले ते नाक कॅनव्हासला लावूनच. "आमच्या अण्णांच्या गालावर हे हिरवं काय?" त्यांना दाराशी नेऊन उभं केलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "थोडं कमी करा. पण ठेवा." पुणेरी पसंती याहून मोठी नसते.

सध्या एका दूध डेअरीचं काम चालू आहे. आजोबा खुर्चीत नकोत, पहाटे ट्यूबलाइटखाली कॅन मोजताना हवेत, ही त्यांच्या नातसुनेची कल्पना. ट्यूबलाइटचा उजेड टिटॅनियम व्हाइटमध्ये थॅलो ग्रीनचा अंश घालून जवळपास मिळालाय. ॲल्युमिनियमचे कॅन अजून व्हायचेत.