परतीचं तिकीट आधी आलं

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

संध्याकाळी कुकर लावत होते तेव्हा मेसेज आला. पंचवटी, सोमवार, मुंबई ते नाशिकरोड, दोन सीटा, कन्फर्म. तिसरी शिट्टी झाली आणि दुसरा आला. पंचवटी, शनिवार, नाशिकरोड ते मुंबई, वेटिंग १४ आणि १५.

म्हणजे मुंबईला पोचायचं अजून नक्की नाही, तिथून निघायचं मात्र पक्कं.

मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, ‘‘बरं झालं, निदान परतीचं तरी मिळालं.’’ खरंय त्यांचं. सोमवारी संध्याकाळी जागा होत्या, शनिवारी सकाळी नव्हत्या. लेकीनं दोन्ही एकदमच काढली असणार, मेसेज पुढेमागे झाले. हे सगळं मला कळतं. तरी जेवताना घास फिरत राहिला तोंडात.

ही सहल माझ्याच हट्टाची. मुंबईला आम्ही कमी वेळा गेलोय असं नाही, पण जाण्याचं कारण दर वेळी तसलंच असायचं. ह्यांच्या अँजिओग्राफीच्या वेळी आठ दिवस होतो, तेव्हा समुद्र टॅक्सीच्या काचेतून दिसला तेवढाच. मावशीच्या वेळी तर तोही नाही. म्हणून संक्रांतीला ती आली होती तेव्हा म्हटलं, एकदा नुसतं बघायला यायचंय गं. औषधाची पिशवी नको, फाइल नको. ती म्हणाली, ‘‘ये की. मी सगळं प्लॅन करते.’’

आणि केलं तिनं. मन लावून केलं. काल रात्री तिनं तीन दिवसांचा तक्ता पाठवला, वेळांसकट. शनिवार: सीएसएमटीची इमारत, वस्तुसंग्रहालय, गेटवे, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. रविवार: राणीची बाग, भाऊ दाजी लाड संग्रहालय, महालक्ष्मी, हाजी अली. सोमवार: घारापुरी, तिथून थेट गाडी. राहायला दादरला लॉज. ‘स्वच्छ आहे, लिफ्ट आहे, बाबांना चढावं लागणार नाही,’ असंही खाली लिहिलंय.

दोनदा वाचला मी तो तक्ता. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा कळलं की मी त्यात काहीतरी शोधत होते. तिची खोली. खोली नाही तर निदान तिचं ऑफिस जिथं आहे तो रस्ता, ती रोज जिथून गाडी पकडते तो फलाट, रात्री उशीर झाला की जिथं खाते म्हणते ती पोळीभाजीवाली. तीन वर्षं मी ज्या मुलीला फोनवर ‘पोचलीस का’ विचारते, ती पोचते म्हणजे कुठं पोचते, ते मला बघायचं होतं. तक्त्यात ते कुठंच नव्हतं. तक्ता पाहुण्यांचा होता. चांगल्या, मानाच्या पाहुण्यांचा. आणि आज त्या पाहुण्यांचं परतीचं तिकीट आधी आलं.

लॉजचं विचारलं होतं मी, अगदी सहज आवाजात. ती म्हणाली, ‘‘आई, आम्ही तिघी आहोत गं खोलीत. कुठं झोपशील?’’ बरोबर आहे. मी खाली सतरंजीवर झोपले असते. बोलले नाही. दिवाळीत जे झालं त्यानंतर काही गोष्टी मी बोलतच नाही.

जेवणं झाल्यावर गेटवेबद्दल वाचत बसले. मुद्दाम नाही, झोप येत नव्हती म्हणून. शाळेत बाईंनी सांगितलेलं तेवढंच डोक्यात होतं, राजाच्या स्वागताला बांधली. पण राजा-राणी आले १९११ साली. पायाभरणी झाली १९१३ साली आणि कमान लोकांना खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे ज्या पाहुण्यासाठी दरवाजा, तो येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दरवाजा तयार. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्यांची शेवटची पलटण त्याच कमानीखालून बोटीत बसून गेली. एरवी हे वाचून मला बरं वाटलं असतं, अभिमानच वाटला असता. आज मी ‘त्याच कमानीखालून गेली’ एवढ्या शब्दांपाशीच अडकले. माणूस मनात धरून बसला की इतिहाससुद्धा आपल्याच दुखण्याचा वाटायला लागतो.

सहावीत असताना शाळेची सहल गेली होती मुंबईला. एसटीनं, पहाटे चारला निघून. कसाऱ्याच्या घाटात अर्ध्या मुली ओकल्या होत्या. तारापोरवाला मत्स्यालय बघितलं, राणीच्या बागेत हत्ती बघितला, म्हातारीच्या बुटात शिरून वरच्या खिडकीतून हात हलवला. डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेपाशी बसले होते, झाडाच्या फांद्या काचेवर आपटायच्या तेव्हा आम्ही सगळ्या डोकी खाली घालायचो. ती जुनी लाल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ला बंद झाली, आता विजेवरची एसीची आहे. मत्स्यालयही सध्या बंद आहे. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, ‘‘मग तुझ्या यादीतलं उरलंच काय?’’ हसत म्हणाली. मी पण हसले.

आमच्या घरी तिची अजून एक खोली आहे. परीक्षेच्या वेळी भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक अजून तसंच आहे. मी रोज त्या खोलीची खिडकी उघडते. ती आली की बॅग दाराशी ठेवते, आत नेत नाही. दोन दिवसांसाठी काय न्यायची, म्हणते. त्याला मी काय नाव द्यावं?

काल गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गेले होते तेव्हा हेच डोक्यात होतं. रामकुंडापाशी उभं राहिलं की पाणी कुठं चाललंय हे बघायची माझी जुनी सवय आहे. ब्रह्मगिरीवरून समुद्र किती जवळ! पण ही पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. त्याच डोंगरांतून वैतरणा निघते ती मात्र पश्चिमेला उतरते. इगतपुरीकडं तिच्यावर धरण आहे, ते पाणी मुंबईला जातं. लेक मुंबईला गेली त्या वर्षी मी तिला म्हटलं होतं, घाबरू नको, तू तिथंही आपल्याकडचंच पाणी पिणार आहेस. तेव्हा ती मला बिलगून रडली होती. आता तिला ते आठवत असेल का? तिला आठवायलाच हवं, असं मला का वाटतं, तेही मला नीट सांगता येत नाही.

(साडेबारा)

झोपायला गेले होते, परत उठले.

तक्ता पुन्हा काढला. या वेळी मनाला बजावून, फक्त तक्ता म्हणून. आणि पहिल्याच फटक्यात चूक दिसली. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. आम्ही गेटवेवरून तासभर बोटीनं जाणार, हे त्या सव्वाशे पायऱ्या दम खात चढणार, आणि वर कुलूप.

मग मी कालनिर्णय काढून बसले. खालच्या मजल्यावरच्या काकू अलिबागच्या. त्यांनी मला कधीतरी पाऊणकी शिकवली होती. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढे वाजता समुद्राला पूर्ण भरती. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्हीकडं तीच वेळ, थोडी मागेपुढे. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. त्यांचे वडील दर्यावर जायचे, त्यांच्या घरात हे लहान पोरांनाही येतं. मला इथं नाशिकात त्याचा उपयोग काय, म्हणून मी ते नुसतंच लक्षात ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे संध्याकाळी आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसू तेव्हा पाणी वर चढत असेल, सूर्य पावणेसातच्या आसपास बुडेल, आणि अंधार पडेपर्यंत समुद्र भरून आलेला असेल. तिनं तक्त्यात संध्याकाळ लिहिली होती ती अंदाजानंच, पण नेमकी बरोबर बसली. रविवारी एकादशी, सव्वाआठ. सोमवारी द्वादशी, नऊ, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. हाजी अलीची वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, तेव्हा तिथं जायचं तर सोमवारी दुपारीच. राणीची बाग आणि शेजारचं संग्रहालय बुधवारी बंद असतात, सोमवारी उघडी. म्हणजे रविवार आणि सोमवार अदलाबदल केले की सगळं सुटतं.

आणि त्यात आणखी एक गोष्ट जमते. घारापुरीवर पूर्वी दगडाचा एक मोठा हत्ती उभा होता, त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तो पडून फुटला, मग तुकडे जोडून शेवटी मुंबईतच राणीच्या बागेत उभा केला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. सहावीत मी जो बघितला तो बहुतेक हाच, जिवंत हत्तीच्या आठवणीत मिसळून गेलाय. तिच्या तक्त्याप्रमाणं आम्ही हत्ती आधी बघणार होतो आणि त्याचं बेट नंतर. आता आधी बेट, मग हत्ती.

रविवारी ह्यांचा उपास. गुहेतला तो तीन मुखांचा सदाशिव उपाशी पोटी बघायला त्यांना आवडेल. लोक त्याला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात, पण तिन्ही मुखं शंकराचीच. आपल्या त्र्यंबकाच्या पिंडीत तिघं वेगळे, तिथं एकाच्याच तीन तऱ्हा. परत आल्यावर दादरला साबुदाणा वडा मिळेलच.

हे सगळं तिला लिहून पाठवलं. इतक्या रात्री उत्तर येणार नाही असं धरून. दोन मिनिटांत फोनच आला.

‘‘आई, तुला हे भरतीचं कुठून कळलं?’’

सांगितलं. पाऊणकी समजावून दिली. ती गप्प राहून मनातल्या मनात करून बघत होती, मला ऐकू आलं ते. मग म्हणाली, ‘‘सोमवारचं मी बघितलंच नव्हतं. बरं झालं तू सांगितलंस. मी एवढी वाट बघतेय त्या लेण्यांची.’’

‘‘तू गेली नाहीयेस का?’’

‘‘नाही ना.’’

‘‘आणि राणीची बाग?’’

‘‘आई, मी कुठंच गेले नाहीये. रविवारी कपडे धुते आणि झोपते.’’

तीन वर्षांत कुठंच नाही. मग तक्त्यात वेळा कशा लिहिल्यास, विचारलं, तर सगळं वाचून वाचून, कोणाकोणाला विचारून केलंय म्हणे. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत.

मी म्हटलं, मैत्रिणी असतील ना, त्यांच्याबरोबर जायचं. ती म्हणाली, ‘‘हो, जाऊ कधीतरी.’’ ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी ओळखते. पुढं विचारलं नाही. त्याचा विचार मी आज रात्री करणार नाही, उद्या दिवसा करीन.

आता फोन ठेवून पंधरा मिनिटं झाली. पाहुण्यांचा तक्ता म्हणून मी जो दोन दिवस उराशी घेऊन बसले, तो तिच्या बघायच्या राहिलेल्या जागांचा तक्ता होता. खोली त्यात नाही कारण खोली ती रोजच बघते. असं असेल. किंवा असंच आहे असं मी ठरवतेय, तेही असेल. अजून ते सगळं गेलेलं नाही. ‘कुठं झोपशील’ हे वाक्य आठवलं की अजून लागतं. पण मघाशी जेवताना लागत होतं तसं नाही. ती मोठी झाली, तिच्या खोलीला दार आहे आणि ते तिनं आतून उघडायचं. मी माझ्या आईला नाशिकला आल्यावर काळाराम, सीतागुंफा, पांडवलेणी दाखवून संध्याकाळच्या एसटीत बसवून दिली होती. तिला माझ्या ओट्यापाशी उभं राहून काहीतरी रांधायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ती काही बोलली नव्हती.

वेटिंग बघितलं, अकरा आणि बारावर आलंय. नाहीच झालं कन्फर्म तर महामार्ग स्टँडवरून पहाटेची एसटी धरू. हे घाटातल्या वळणांना कुरकुर करतील, करू देत.

न्यायचं काय काय ते लिहून ठेवते, नाही तर विसरेन. ह्यांच्या गोळ्या, तीन दिवसांच्या, वरती एक दिवस जास्त. टोप्या. लाडू डब्यात, चिवडा पिशवीत. घारापुरीला माकडं फार, पिशवी हातात धरायची नाही. द्राक्षं शुक्रवारी संध्याकाळीच घ्यायची, आधी घेतली तर गळतात. दोन किलो तिला आणि दोन तिच्या खोलीवरच्या मुलींना. ती आपण वर नेऊन द्यायची की तिच्याकडं खालीच द्यायची, ते विचारलेलं नाही.