आकडा आधी : पंचगंगेच्या पानाची पावसाळ्यापूर्वीची नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा पंचगंगेच्या पाणीपातळीचं माझं वेबपान १.४ एमबीचं होतं. आज ते ९ केबीचं आहे. मधल्या पाच महिन्यांत काय काढलं, काय ठेवलं आणि कुठं चुकले, ते लिहिते. या कामात वेबच्या धंद्याबद्दलची माझी काही मतंही पक्की झाली, तीही येतील.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी कसबा बावड्यात राहते आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ड्रॉइंगचं काम करते. राजाराम बंधारा आमच्या बावड्यालाच. जुलै उजाडला की कोल्हापुरात चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, 'राजारामला पाणी किती?' ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. माझं पान एवढंच सांगतं : आज किती, काल किती, पाणी चढतंय की उतरतंय. रोजच्या पत्रकावरून आकडे मी हातानं भरते. छंद आहे, आणि चार वर्षं झाली.

मागच्या जुलैत एका रात्री चिखलीच्या मामांचा फोन आला. प्रयाग चिखलीला पूर नवा नाही. पाणी ठरावीक उंचीला आलं की आधी गोठ्यातली जनावरं हलवायची, मग माणसं. मामा माझं पान उघडून बसले होते. म्हणाले, "आगं पोरी, ह्ये नुसतं गोल फिरतंय. आकडा कुठाय?" माझ्या फोनवर पान लगेच उघडत होतं. मामांकडं दीड मिनिट झालं तरी काही नाही. शेवटी मी आकडा तोंडी सांगितला आणि फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या माणसासाठी पान केलं, त्यालाच ते हव्या त्या वेळी उघडलं नव्हतं.

शोधल्यावर दोन कारणं सापडली. माझं ॲप होस्टिंगच्या, म्हणजे पान ठेवायला जागा देणाऱ्या कंपनीच्या, एका मोफत प्लॅनवर होतं, आणि तिथं काही वेळ कुणी फिरकलं नाही की सर्व्हर झोपवून ठेवतात. पुढचा माणूस आला की तो उठणार, त्यात अर्धं-पाऊण मिनिट जातं. दुसरं कारण माझं स्वतःचं. एक आकडा दाखवायला मी रिॲक्ट (पडद्यावरचे भाग बांधायचा जावास्क्रिप्ट भाषेतला तयार कोड), आलेखाची एक लायब्ररी आणि दोन जाडींचा देवनागरी फॉन्ट फोनवर उतरवत होते. फोननं हे सगळं आधी उतरवायचं, मग चालवायचं, मग आकडा मागायला पुन्हा सर्व्हरकडं जायचं. घरच्या वायफायवर यातलं काही जाणवत नाही. पुराच्या रात्री वीज गेलेली असते, टॉवरवर गर्दी असते, फोन सहा वर्षांचा असतो.

रिॲक्टवर माझा राग नाही. २०१३ साली फेसबुकनं ते सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि ज्या पडद्यावर क्षणाक्षणाला दहा गोष्टी बदलतात तिथं ते उपयोगीच पडतं. माझ्या पानावर दिवसातून तीन-चार वेळा एक आकडा बदलतो. मग मी ते का वापरलं? कारण तेव्हा मी पुण्यात मुलाखती देत होते आणि प्रत्येक जाहिरातीत ते नाव होतं. आपल्याकडं बरीच साधनं अशीच निवडली जातात, काम बाजूला ठेवून नोकरीच्या जाहिरातीकडं बघून. इथल्या क्लासमध्ये येणारी पोरं पहिल्याच आठवड्यात फ्रेमवर्क, म्हणजे रिॲक्टसारखा तयार सांगाडा, शिकतात, आणि साधा फॉर्म जावास्क्रिप्टशिवायसुद्धा सर्व्हरपर्यंत जातो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पाया आधी दाखवला असता तर मीही दोन वर्षं वाचवली असती.

फेब्रुवारी : आराखडा

नवीन पान कशावर बांधायचं याचा विचार करताना मी जुन्या जागांची आठवण काढत बसले. याहूनं २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं, आणि लोकांनी हौसेनं मांडलेली लाखो पानं तिथून गेली. ॲडोबीनं २०२० अखेर फ्लॅशचा, म्हणजे पानावर हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या साधनाचा, आधार काढला. ॲंग्युलरजेएस या फ्रेमवर्कचा आधार गूगलनं २०२२ च्या जानेवारीपासून थांबवला. हेरोकू या ॲप ठेवायच्या सेवेचे मोफत प्लॅन २८ नोव्हेंबर २०२२ ला संपले, आणि हौशी माणसांची किती ॲप तेव्हा अडकली हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलं आहे. कंपन्यांना खर्च असतो, त्या कायम फुकट देतील ही अपेक्षा मी करत नाही. पण याच काळात टिकलेलं काय, तेही बघा. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं ३० एप्रिल १९९३ ला वेबचं सॉफ्टवेअर सगळ्या जगासाठी मोकळं केलं. त्यांचं पहिलं पान त्यांनी २०१३ मध्ये जुन्या पत्त्यावर पुन्हा ठेवलं, आणि ते मामांच्या फोनवर उघडतं. मी उघडून बघितलं.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव आपल्या राज्यात सगळीकडं चालतं. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा सरत आला की बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं. पुढचा पाऊस यायच्या आत ते काढायचे, म्हणजे पूर मोकळा जातो. एखादा बरगा खराब झाला तर तेवढाच बदलायचा, खांबाला हात लावायचा नाही. वहीत मी पानाचा आराखडा तसाच काढला. आकड्यांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे), त्यातून तयार होणारं एचटीएमएल (पानाचा मूळ मजकूर आणि मांडणी) आणि माझ्या नावावरचं डोमेन, म्हणजे पानाचा पत्ता, हे तीन खांब. होस्टिंग, आलेख, फॉन्ट हे बरगे. यातला कुठलाही एका संध्याकाळी काढून दुसरा घालता आला पाहिजे, अशी अट घातली. मार्चमध्ये होस्टिंग बदलून बघितलं. पंचवीस मिनिटं लागली. आता तेच पान दोन ठिकाणी ठेवलेलं असतं.

एका मित्रानं विचारलं, वर्डप्रेसवर का नाही? साइट बांधायचं हे सॉफ्टवेअर २००३ पासून चालू आहे, खुलं आहे, आपला मजकूर बाहेर काढून नेता येतो, त्यामुळं मला ते आवडतं. दुकान किंवा मंडळासाठी मी आजही तेच सुचवीन. पण सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या मुख्य साइटनं डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचा रस्ता अडवला. भांडण दोन संस्थांचं, आणि प्लगइनचे, म्हणजे जोड-सोयींचे, अपडेट अडकले त्या होस्टिंगवरच्या दुकानदारांचे. डिसेंबरात अमेरिकी कोर्टानं तो रस्ता तात्पुरता खुला करायला लावला. कोड खुला असला तरी तो येतो कुठून हेही बघावं लागतं. शिवाय माझ्या एका आकड्यासाठी डेटाबेस कशाला?

मार्च : फूट, इंच आणि ४३

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

पत्रकात पातळी फूट-इंचांत येते. मी चार वर्षं ती दशांशासारखी साठवत होते : ३९ फूट ९ इंच म्हणजे ३९.९, आणि ३९ फूट १० इंच म्हणजे ३९.१०. संगणकाच्या लेखी ३९.१० म्हणजे ३९.१. त्यामुळं पाणी एक इंच चढलं की माझा आलेख खाली यायचा आणि पानावर 'उतार' दिसायचा. १० आणि ११ इंचांना प्रत्येक वेळी हे होत होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळ्या जुन्या नोंदी एकूण इंचांत बदलल्या. इशारा ४६८ इंच, धोका ५१६ इंच. वजाबाकी, तुलना, आलेख सगळं इंचांत होतं, आणि फूट-इंच फक्त शेवटी छापताना येतात. अशी मापं कुणी साठवत असाल तर आजच तपासा.

दुसरा घोळ अंकांचा. मी आकडे भरते मराठी कीबोर्डवरून, म्हणजे ४३ असेच. जावास्क्रिप्टला '४३' दिलं की ते म्हणतं हा अंकच नाही. गंमत म्हणजे उलट दिशेनं तेच जावास्क्रिप्ट व्यवस्थित वागतं. मराठीसाठीचा स्थानिक कोड दिला की संख्या आपोआप देवनागरीत छापून देतं. पायथॉन या दुसऱ्या भाषेला मात्र '४३' सरळ कळतं, काही करावं लागत नाही. मी पायथॉनकडं वळण्याचं हे एक खरं कारण. एकशे चाळीस ओळींची स्क्रिप्ट आहे. ती सीएसव्ही वाचते, पान लिहिते आणि आलेख एसव्हीजी, म्हणजे रेघांचं वर्णन असलेलं चित्र, म्हणून त्याच पानात घालते. फोनवर चालवायला जावास्क्रिप्ट काहीच उरत नाही.

आलेखाची वरची हद्द मी ५० फूट धरली होती. चाचणीसाठी २०१९ आणि २०२१ चे आकडे घातले आणि रेघ चौकट फोडून वर गेली. दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर होतं. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तेव्हा मी स्वतः पलीकडं अडकले होते, तरी हद्द घालताना हे डोक्यात आलं नाही. आता ६० आहे.

एप्रिल : 'इशाऱ्याची' हा एक शब्द

'इशाऱ्याची पातळी' यातला 'ऱ्य' बघा. साधा र, हलन्त आणि य टाइप केलं की वर रफार जातो आणि 'इशार्याची' होतं. वाचताना खडा लागावा तसं वाटतं. बरोबर रूपासाठी नुक्ता असलेला ऱ घ्यावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण आतले संकेत वेगळे, म्हणून शोधताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. माझी स्क्रिप्ट आता सगळीकडं पहिलंच रूप करून ठेवते. पानाच्या वरच भाषा मराठी आहे हेही लिहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

याच महिन्यात एका एआय साधनाला हे काम सांगून बघितलं. पहिल्या उत्तरात त्यानं फ्रेमवर्कचा वीसेक फाइलींचा प्रकल्प दिला. 'जावास्क्रिप्ट नको, एकच फाइल' म्हटल्यावर छान, स्वच्छ एचटीएमएल आलं, त्यातल्या दोन कल्पना मी घेतल्याही. पण मजकुरात 'इशार्याची' होतं. ही साधनं वेबवर जे पडलेलं असतं त्यावरच शिकतात. आपलं नीट मराठी पोस्टरच्या फोटोंत आणि जुन्या फॉन्टमधल्या फाइलींत अडकलेलं राहिलं, तर उद्याच्या प्रत्येक पानावर हीच चूक उमटेल. म्हणून हौशी माणसानंसुद्धा आपला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले संकेत देणाऱ्या पद्धतीत), साध्या उघड्या एचटीएमएलमध्ये ठेवावा, असं मी कळकळीनं सांगते.

देवनागरी जड पडते ही तक्रारही मोजून बघितली. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत आपलं एक चिन्ह तीन बाइट घेतं. 'पंचगंगा' सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइट. पण त्यातले सुरुवातीचे बाइट पुन्हा पुन्हा तेच येतात, त्यामुळं पाठवताना मजकूर दाबून लहान करणाऱ्या जीझिपनं ते चांगलंच आकसतं. जड होता तो फॉन्ट. तो काढून टाकला, फोनमधला जो असेल तो चालतो.

९ केबीचा हट्ट का, तेही सांगते. सर्व्हर साधारणपणे पहिल्या झटक्यात माहितीची दहा पाकिटं पाठवतो, प्रत्येकी सुमारे १४६० बाइटची. म्हणजे १४ केबीच्या आसपास. त्यापुढचं मिळायला फोनकडून पोच यावी लागते, आणि पुराच्या रात्री त्या एका फेरीला किती वेळ लागेल सांगता येत नाही. माझं आख्खं पान पहिल्या झटक्यात बसतं.

आणखी एक बदल छोटा, पण मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वी पानावर '२ तासांपूर्वी' असं यायचं. फोननं साठवलेलं पान दुसऱ्या दिवशी उघडलं तरी ते '२ तासांपूर्वी'च म्हणणार. आता आकड्याला लागून तारीख आणि 'सकाळी ८ वाजता' असं लिहिलेलं असतं. जुना आकडा ताजा समजून कुणी जनावरं गोठ्यात ठेवली तर?

जूनचा पहिला आठवडा

रविवारी चिखलीला जाऊन आले. मामांच्या फोनवर नेटवर्कची एक कांडी होती. पान उघडलं. मामांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "दिसला. पण कालचा खाली कशाला घातलायस? शेजारी दाव की, एका नजरंत येतंय." दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर बदललं. खरोखर एका नजरेत येतं.

राहिलेलं काम राधानगरी धरणाचं. तिथल्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी कुठले उघडे आहेत याची एक ओळ घालायची आहे. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, तेवढा गुणाकार स्क्रिप्टच करेल. धरण भरलं की हे दरवाजे आपोआप उघडतात, त्यामुळं बातमी रात्री-अपरात्री येते, आणि मी झोपलेली असताना आकडा कोण भरणार हे अजून ठरलेलं नाही. बावड्यातल्या दोघांना विचारलं आहे.

आणि एक मदत हवी आहे. तुमच्या घरात सात-आठ वर्षांचा जुना फोन पडला असेल तर तो चार्ज करून त्यावर पान उघडा, आणि 'इशाऱ्याची' हा शब्द कसा दिसतो त्याचा फोटो पाठवा. फोनचं मॉडेल कळवा. पंधरा जूनच्या आत आले तर यंदाच्या पाण्याआधी दुरुस्त करता येईल.