नदीकाठचे घर आणि जोत्याची उंची

फेब्रुवारी महिन्यात मुलीचा इंग्लंडहून फोन आला आणि तिने मोठ्या उत्साहाने सांगितले की, थेम्स नदीच्या काठावर, एका जुन्या कागद गिरणीच्या आवारात नवी घरे झाली आहेत आणि त्यांपैकी तळमजल्याचे, अंगणातून थेट नदी दिसणारे एक घर त्या दोघांच्या मनात भरले आहे. मी तिला पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. "जोते किती उंच आहे?" असे मी विचारले. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "आई, ते बघितलंच नाही."

तिने ते बघितले नाही याचे मला वाईट वाटले, कारण ती वडोदऱ्यात वाढलेली मुलगी आहे. आमचे घर समा भागात आहे. 31 जुलै 2019 रोजी या शहरात 24 तासांत सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाणी आमच्या फाटकापर्यंत आले होते. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र विश्वामित्री नदीची पातळी काळा घोडा पुलाजवळ 35 फुटांच्या पुढे गेली आणि पाणी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन तीन दिवस तिथेच थांबले. बत्तीस वर्षे भूगोल शिकवताना जमवलेले नकाशे आम्ही रात्री वरच्या मजल्यावर नेले. तांदळाचा डबा, शिवणयंत्र आणि सासूबाईंचा सागवानी पाट खालीच राहिला. नदीतली मगर सोसायटीत शिरली असेल का, ही भीती ज्या शहरात लहान मुलांना खरोखरच वाटते, त्या शहरातल्या माणसाने नदीकाठचे घर घेताना जोत्याची चौकशी सर्वांत आधी केली पाहिजे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मे महिन्यात मी तिकडे गेले. मुलगी आणि जावई स्लाउमध्ये भाड्याच्या घरात राहतात. तिथून रेल्वेने काही मिनिटांत ती नवी घरे असलेले टॅप्लो हे गाव येते. गाव बकिंगहॅमशरमध्ये आणि समोरच्या काठावरचे मेडनहेड बर्कशरमध्ये, अशी ही नदी दोन परगण्यांची शीव आहे. थोडे खाली ब्रुनेल या अभियंत्याने 1830 च्या दशकात बांधलेला विटांचा रेल्वेपूल आहे. त्याच्या दोन मुख्य कमानी प्रत्येकी 128 फूट लांबीच्या आणि इतक्या सपाट आहेत की, त्या टिकणार नाहीत अशी शंका त्या काळी घेतली गेली होती. आज त्यांच्यावरून लंडनच्या उपनगरी गाड्या धावतात. वरच्या अंगाला बोल्टर्स लॉक आहे, म्हणजे होड्यांना खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर चढवणारा, दोन्ही टोकांना दारे असलेला पाण्याचा कोठा. बोल्टर म्हणजे पीठ चाळणारा. त्या एका नावातच इथल्या काठाचा धंदा सांगितलेला आहे.

नदीच्या काठाने चालताना जी गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. पाण्याला अगदी लागून पूर्वी फक्त गिरण्या होत्या, कारण त्यांना पाण्याचा जोर हवा होता. राहणारी माणसे मात्र चढावर गेली. क्लिव्हडनचा प्रसिद्ध प्रासाद, जो आगीत जळाल्यावर 1851 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स बॅरीने पुन्हा उभारला, तो नदीपासून कितीतरी उंच, खडूच्या दगडाच्या कड्यावर आहे. टॅप्लोचा जुना वाडाही टेकडीवर आहे, आणि त्याच्या आवारात सातव्या शतकातील एका सरदाराचा दफनाचा उंचवटा आहे, ज्याचे 1883 मध्ये उत्खनन झाले आणि ज्यातील सोन्याची बक्कल आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या लोकांनी आपल्या मृतांनासुद्धा पुराच्या रेषेच्या वर ठेवले होते. आता गिरण्या बंद झाल्या आहेत, नदीकाठच्या जागेला सौंदर्याचे मोल आले आहे, आणि जिथे पूर्वी कोणी स्वयंपाकघर बांधले नसते तिथे घरे बांधली जात आहेत. नदीकाठच्या सर्व नव्या घरांचा मूळ प्रश्न इथेच आहे.

घरांविषयी सांगायचे तर ती मला मनापासून आवडली. इंग्लंडमध्ये 1967 च्या कायद्यापासून संपूर्ण परिसराला संरक्षण देण्याची सोय आहे. एखाद्या इमारतीची नोंद वारसा म्हणून करणे वेगळे आणि गल्ली, झाडे, भिंती, मोकळ्या जागा यांसह वस्तीचा चेहरा जपणे वेगळे. अशा परिसराच्या शेजारी बांधताना छपराचा उतार, विटेचा रंग, खिडकीची उंची या सर्वांवर नगरपालिकेत चर्चा होते आणि गावकरी लेखी हरकती घेतात. त्यामुळे नवी घरे लाल विटांची, उतरत्या कौलांची आणि झाडांच्या उंचीच्या आत राहणारी अशी झाली आहेत. काहींना ही जुन्याची नक्कल वाटते. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे मांडवीच्या चार दरवाजांच्या आत जुना लाकडी कोरीव वाडा पाडून काचेचे दुकान उभे राहते, तेव्हा शेजारच्या वाड्याचेही सौंदर्य हरवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून नव्या घराने शेजाऱ्याचा मान राखावा, ही अपेक्षा मला योग्य वाटते.

मी मात्र विटा पाहायला गेले नव्हते. विक्री कार्यालयातील तरुणीने आम्हाला स्वयंपाकघरातील ओट्याचा दगड दाखवला, नदीवर उघडणारा दरवाजा दाखवला, आणि मी पुराचा अहवाल मागितल्यावर ती जरा चकित झाली. परंतु तिने नीट सांगितले की, बांधकामाच्या परवानगीची सर्व कागदपत्रे नगरपालिकेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री मी तो अहवाल वाचला. इंग्लंडमध्ये नदीकाठच्या जमिनीची तीन विभागांत वाटणी केलेली आहे. जिथे कोणत्याही एका वर्षात नदीचा पूर येण्याची शक्यता एक टक्का किंवा अधिक आहे तो तिसरा विभाग, एक टक्क्यापासून 0.1 टक्क्यापर्यंत दुसरा, आणि त्याहून कमी तो पहिला. ही वाटणी करताना बंधारे आणि भिंती जमेस धरत नाहीत, कारण भिंत फुटू शकते. पिनकोड घातला की हा नकाशा फुकट दिसतो.

एक टक्का ऐकून जावई म्हणाले, "म्हणजे शंभर वर्षांतून एकदा, आई. आपण तेवढे राहणार नाही तिथे." वर्गातल्या मुलांना समजावून सांगावे तसे मी त्यांना कागदावर गणित करून दाखवले. प्रत्येक वर्षी पूर न येण्याची शक्यता 99 टक्के असेल, तर सलग 30 वर्षे तो न येण्याची शक्यता सुमारे 74 टक्के उरते. म्हणजे गृहकर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के झाली. चौघांत एक. त्यानंतर त्यांनी अहवाल स्वतः वाचायला घेतला, याचा मला फार आनंद झाला.

या भागाला पुराची जुनी ओळख आहे. मार्च 1947 मध्ये कडक हिवाळ्यानंतर गोठलेल्या जमिनीवर बर्फ वितळले, त्यावर पाऊस पडला, आणि जमिनीत मुरायला जागा नसलेले सगळे पाणी थेम्सच्या खोऱ्यात उतरले. ऑक्सफर्डच्या बाजूला शिलिंगफर्ड नावाच्या गावी नदीकाठच्या भिंतीवर 1809, 1894 आणि 1947 सालच्या पुरांच्या पातळ्या कोरलेल्या आहेत. जावयांनी मला मुद्दाम तिथे नेले आणि मी त्या खुणांवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. परतताना स्टोक रो या गावी काशीच्या महाराजांनी 1864 मध्ये लोकांना बांधून दिलेली 368 फूट खोल विहीर पाहिली. भूगोलाच्या शिक्षिकेला यात मोठा पाठ आहे: खडूच्या दगडाच्या टेकड्यांवर पाणी टिकत नाही, ते आत मुरते, म्हणून वर घागरभर पाण्यासाठी हाल आणि खाली दरीत घरात पाणी.

मेडनहेड आणि विंडसर यांना वाचवण्यासाठी 2002 मध्ये जी नवी नदी सुरू झाली, तिला ज्युबिली नदी म्हणतात. बोल्टर्स लॉकच्या वरच्या अंगाला थेम्सपासून ती फुटते आणि 11.6 किलोमीटर वाहून डॅचेटच्या वर पुन्हा थेम्सला मिळते. ती काँक्रीटची गटारवजा नाली नाही. तिला वळणे आहेत, बेटे आहेत, लव्हाळ्याची बने आहेत, आणि मी गेले तेव्हा तिच्या काठावर लोक मुलांना सायकल शिकवत होते. पूर आला की दारे उघडून जादा पाणी तिच्यात सोडतात. 2014 च्या हिवाळ्यात थेम्सला मोठा पूर आला, तेव्हा मेडनहेड बरेचसे कोरडे राहिले.

पण याची दुसरी बाजू मी मुलीला सांगितलीच. त्याच हिवाळ्यात खालच्या अंगाच्या डॅचेट आणि रेझबरी या गावांत घराघरांत पाणी शिरले होते, आणि जानेवारी 2003 च्या पुरापासूनच तिथले रहिवासी विचारत आले आहेत की, वरच्या श्रीमंत गावांचे पाणी आमच्या दारात का आणून सोडता. तज्ज्ञांचे काहीही म्हणणे असो, पाणी एका ठिकाणाहून हटवले की ते दुसऱ्या ठिकाणी जाते, हे त्या लोकांना कोणी शिकवण्याची गरज नाही. आमच्या समा भागात भराव घालून उंच केलेल्या नव्या इमारतींच्या शेजारच्या जुन्या बंगल्यांत आता पूर्वीपेक्षा जास्त पाणी साचते. म्हणूनच पूरक्षेत्रात बांधताना नदीची जेवढी जागा घ्याल तेवढीच जागा त्याच पातळीवर दुसरीकडे खोदून नदीला परत द्या, हा तिकडचा नियम मला या सगळ्या कागदपत्रांत सर्वांत न्याय्य वाटला. तो किती काटेकोरपणे पाळला जातो हे शेवटी तिथल्या नगरपालिकेवर आणि शेजाऱ्यांच्या जागरूकतेवर अवलंबून असणार.

विम्याची बाब मुलीला अजिबात माहीत नव्हती. पुराच्या भागातील घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून तिकडे 2016 पासून फ्लड री नावाची योजना आहे, परंतु 1 जानेवारी 2009 नंतर बांधलेल्या घरांना ती लागू नाही. हेतू हा की, धोक्याच्या जागी नवी घरे बांधायला कोणी धजू नये. म्हणजे जुन्या झोपडीवजा घराला जी सवलत आहे, ती या देखण्या नव्या घराला नाही, आणि पुढे विमा कंपनीने हप्ता वाढवला तर दाद मागायला जागा नाही.

अखेर त्यांनी तळमजल्याचे घर सोडले. त्याच आवारात, नदीपासून मागे असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी घेतला. तिथून थेम्स दिसत नाही, गिरणीचा जुना पाट दिसतो, आणि त्यात बदकांची जोडी असते. घर घेण्यापूर्वी पूर आल्यास रस्त्याने कोरडे बाहेर पडता येईल का, हे जावयांनी लेखी विचारून घेतले. माझ्या दृष्टीने त्या खरेदीतला तो सर्वांत शहाणपणाचा कागद होता.

परत आल्यावर मी आपल्या शहराकडे नव्याने पाहू लागले. वडोदऱ्याच्या इतिहासात असे सांगतात की, इथली मूळ वस्ती विश्वामित्रीच्या काठी अंकोट्टक येथे, म्हणजे आजच्या आकोट्यात होती, आणि सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास आलेल्या पुरांमुळे लोक पूर्वेकडच्या वडाच्या गावी सरकले. तेच पुढे वडोदरा झाले. आकोट्यात सापडलेल्या सुंदर जैन धातुमूर्ती कमाटीबागेतील संग्रहालयात आहेत, त्या मी दरवर्षी विद्यार्थिनींना दाखवत असे. म्हणजे आपले पूर्वजही टॅप्लोच्या लोकांसारखेच पाण्यापासून दूर गेले होते. आपण मात्र गेल्या काही दशकांत नदीची कोतरे बुजवून, पुराचे पाणी ज्या घळींत पसरून शांत व्हायचे त्याच घळींवर सोसायट्या उभ्या केल्या, आणि त्या विकताना चौरस फुटाचा भाव सांगितला, पाण्याची पातळी सांगितली नाही. 2025 च्या पावसाळ्यापूर्वी नदी खोल आणि रुंद करण्याचे जे काम झाले त्याचे मी स्वागत करते; पण बुजलेली कोतरे त्याने परत येत नाहीत.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत मी मागणी केली की, 2024 च्या पाण्याची रेषा फाटकाच्या खांबावर कोरून ठेवावी आणि शेजारी तारीख लिहावी. एक सभासद म्हणाले, "ताई, असं लिहिलं तर फ्लॅटचे भाव पडतील." दुसऱ्या एका काकूंनी, ज्यांचा फ्रिज त्या पुरात गेला होता, लगेच विचारले, "आणि घेणाऱ्याला न सांगता विकायचं का?" पुष्कळ चर्चा झाली. ठराव तीन मतांच्या फरकाने मंजूर झाला. गवंडी रविवारी येणार आहे. रेषा नेमकी कुठे ओढायची ते दाखवण्यासाठी मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपासून फाटकापर्यंत पाण्याची नळी धरून पातळी घेऊन ठेवली आहे.