किरकोळ

भाचीच्या सांगण्यावरून गेले तीन आठवडे मी दर अर्ध्या तासाने आपण काय केले ते वहीत लिहून ठेवतो. वेळ कुठे जातो हे एकदा डोळ्यांना दिसले की कामे पुढे ढकलण्याची खोड जाते आणि उमेद टिकते, असे तिचे म्हणणे आहे. तिच्या टेबलावर टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ असते. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस असेच स्वयंपाकघरातले घड्याळ लावून अभ्यास केला आणि त्यातून 25 मिनिटे काम, मग थोडी विश्रांती, ही पद्धत निघाली. आपली घटका 24 मिनिटांची, म्हणजे त्याने एकच मिनिट वाढवले, हे मी तिला सविस्तर समजावले, तर तिने तेवढाही वेळ वहीत मांडायला लावला.

काल दुपारी ती वही चाळताना एक शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागला. सोमवारी किरकोळ दीड तास, मंगळवारी दोन, गुरुवारी तर पावणेतीन.

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. शाळा सुटली की मी तिथे जाई आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून त्यांची वाट पाही, कारण कीर्द जुळल्याशिवाय ते गादीवरून उठत नसत. एकदा सव्वा रुपयाचा फरक येत होता. हमाल गेले, दिवे लागले, मला भूक लागली, आणि शेटजी कंटाळून म्हणाले, "अहो दिवाणजी, टाका किरकोळीत." अण्णांनी चष्मा पुसला. "किरकोळ म्हणजे आठवत नाही, नाहीतर सांगायचे नाही," असे म्हणून त्यांनी पहिल्या नोंदीपासून पुन्हा बेरीज धरली. फरक सुतळीच्या खरेदीत सापडला. घरी जाताना त्यांचे बोट धरले, तर माझ्याही हाताला रात्रभर हळदीचा वास येत राहिला.

माझ्या वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकच काम आहे, 'वारसनोंदीचा अर्ज', आणि ते रोज पुढच्या पानावर जाते. अर्ज एका पानाचा. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळे फायलीत लावून ठेवलेले. ती फाईल काढली की मला कुंड्यांना पाणी घालायचे आठवते, चष्म्याचा स्क्रू ढिला वाटतो, जुनी वीजबिले वर्षवार लावावीशी वाटतात.

काल भाचीचे घड्याळ मागून आणले आणि 25 मिनिटे लावली. घरावर आज ज्यांचे नाव आहे त्यांचे संपूर्ण नाव पहिल्या रकान्यात लिहिले, अण्णा लिहीत तसेच, वळणदार. दुसरा रकाना मृत्यूच्या दिनांकाचा होता. पेन तिथेच धरून बसलो आणि घड्याळ वाजले.

वहीत '3.10 ते 3.35' एवढे लिहिले आहे. समोरची जागा कोरी आहे. अण्णा असते तर त्यांनी उठू दिले नसते.