ओहायोतल्या होम्स काउंटीत गाडी ओढणारा मिनी घोडा (मिनिएचर, म्हणजे बुटक्या जातीचा) विकत घ्यायला बघायला गेलो होतो, नवीन लोकांसाठी सगळं सविस्तर

कोलंबसहून यूएस ६२ धरायचा आणि जॉन्सटाउन, युटिका, डॅनव्हिल, किलबक करत सरळ मिलर्सबर्गला निघायचं, दीड-दोन तास लागतात. पुढे बर्लिन, माउंट होप, हा सगळा ओहायोचा आमिश भाग (आमिश म्हणजे मोटारीऐवजी घोडागाडी वापरणारा, जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ). इथे येण्याचं कारण एकच, इथले घोडे रोज खऱ्या रस्त्यावर गाडी ओढतात, ट्रक शेजारून जातात, कुत्री भुंकतात, लाइनवर कपडे फडफडतात, आणि आपल्यासारख्या नवीन माणसाला असाच घोडा हवा असतो ज्याने हे सगळं आधीच पाहिलंय.

आधी मापाचं सांगते कारण बरेच जण फक्त फोटो बघून ठरवतात. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनची उंचीची मर्यादा ३४ इंच, आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथे मोजतात. अमेरिकन मिनिएचर हॉर्स रजिस्ट्रीत ३४ पर्यंतचे ए गटात आणि त्यावर ३८ पर्यंतचे बी गटात. गाडीत मोठं माणूस बसणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ३६-३८ इंचवालाच बघा. माहीतगार लोक सपाट कडक रस्त्यावर गाडी आणि माणसं धरून घोड्याच्या वजनाच्या दीडपट ओझं चालेल म्हणतात, चढावर आणि गवतात त्याहून बरंच कमी. आता ३४ इंची घोडा शंभर किलोच्या आसपास, म्हणजे ओझं दीडशे किलो, त्यातून गाडीचं वजन गेलं की उरतं किती ते बघा.

पहिल्या फार्मवरचा घोडा दिसायला इतका सुंदर की लेक तिथेच विरघळली. सोनेरी अंग, पांढरी आयाळ, जाहिरातीत गाडीला ट्रेन्ड लिहिलेलं. मी म्हटलं जुंपून दाखवा, तर कळलं की गाडी अजून लावलीच नाहीये, मागून लांब लगाम धरून नुसतं चालवलंय, आणि वय तीन. ती पायरी महत्त्वाचीच आहे, तिच्याशिवाय कोणी थेट गाडीला लावला असेल तर तिथून निघाच, पण तिथपासून गाडीपर्यंतचं काम अनुभवी ट्रेनरचं, आपलं नाही. नवशिका माणूस आणि नवशिका घोडा ही जोडी जमवू नका, दोघांपैकी एकाला तरी काम येत असलं पाहिजे आणि इथे ते घोड्याला यावं लागतं.

बाबा सध्या आमच्याकडे आलेत, त्यांच्या काकांचा मिरजेला टांगा होता, ते आमच्या कारमध्ये बसल्याबसल्या म्हणाले, "पळताना काय बघतेस, जुंपताना बघ." दुसऱ्या ठिकाणी मी तेच केलं, आणि ही या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट समजा.

हा बारा वर्षांचा, ३७ इंच, खच्ची केलेला, काळपट तपकिरी, दिसायला साधाच, घरातली मुलंच त्याला चालवतात. मी आधीच निरोप ठेवला होता की घोडा तयार करून ठेवू नका, आम्हाला कुरणातून आणण्यापासून सगळं बघायचंय (त्यांचा फोन बाहेर छोट्या खोपटात असतो, व्हॉइसमेलवर नीट निरोप ठेवा, उत्तर यायला एखादा दिवस लागू शकतो). पकडायला गेल्यावर पळतो का, बांधल्यावर शांत उभा राहतो का, चारही पाय उचलू देतो का. मग हार्नेस (गाडी ओढायचा साज), त्यातही शेपटीखालून क्रपर, म्हणजे साज पुढे सरकू न देणारा पट्टा, घालताना शेपूट दाबतो का, लाथेचा विचार दिसतो का, लगाम तोंडात घेताना डोकं वर फेकतो का. त्यानंतर गाडी मागून आणतात, शाफ्ट (गाडीचे दोन पुढचे दांडे) वर धरून, तेव्हा घोडा जागचा हलायला नको. आधी ट्रेस (गाडी ओढायचे पट्टे) लावले, मग ब्रीचिंगचे (मागच्या बाजूने गाडी रोखणारे) पट्टे, सोडताना बरोबर उलटं. हा पठ्ठ्या एक कान मागे करून उभा, मागचा एक पाय सैल सोडलेला. बाबांनी तिथेच मान डोलावली.

मग चाल. आधी मालकाने चालवला, मग त्याच्या मुलीने, मग शेजारी मालक बसलेला असताना मी. साधं चालणं, दुडकी, थांब म्हटल्यावर थांबणं, आणि मुख्य म्हणजे थांबून दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहणं, दोन पावलं मागे सरकणं, घरापासून लांब जाणं आणि घराकडे वळल्यावर वेग न वाढवणं. रस्त्यावर नेऊन मागून ट्रक येऊ द्या. मालक आधी चालवायला तयार नसेल तर तुम्हीही बसू नका. हेल्मेट आपलं आपण न्या. आणि एक नियम पाठ करा, गाडीला जुंपलेला असताना डोक्यावरचा लगामसाज कधीच काढायचा नाही, एक सेकंदही नाही, त्यालाच डोळ्यांची झापडं असतात, ती गेली की मागची गाडी अचानक दिसते आणि घोडा उधळतो, त्यात माणसंही जखमी होतात आणि घोडाही.

तोंडी हुकूम कोणते वापरतात ते विचारा आणि त्यांच्या आवाजात ऐकून लिहून घ्या. फोटो-व्हिडिओ घोड्याचाच काढा, आमिश लोकांना चेहरे कॅमेऱ्यात आलेले चालत नाहीत, आधी विचारा. रविवारी व्यवहार होत नाही. चढाच्या पलीकडे बग्गी असू शकते म्हणून कार हळू चालवा.

माउंट होपचं ऑक्शन बघायला जा, हार्नेस आणि गाड्या बघून खूप कळतं, पण पहिला घोडा ऑक्शनमधून घेऊ नका, बोली काही क्षणांत संपते आणि वर सांगितलेलं यातलं काहीच बघायला वेळ मिळत नाही.

घोडा पसंत पडला तरी खरेदीआधी आपण नेमलेल्या व्हेटकडून तपासणी. मिनींमध्ये दात दाटीने येतात, मागच्या पायाची गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास असतो, बुटकेपणाचा आजार असेल तर कपाळ फुगीर आणि पाय वेडेवाकडे दिसतात. केसांखाली हात घालून बरगड्या चाचपा, लठ्ठ मिनीला खुरांची सूज लवकर धरते. कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या संसर्गजन्य अॅनिमियाची रक्ततपासणी) कागद मागाच, दुसऱ्या राज्यात न्यायचा तर व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेटही लागतं. आणि तुमच्याकडे आधी घोडा नसेल तर सोबतीचा विचार आत्ताच करा, एकटा घोडा झुरतो.

आम्ही व्हेटच्या रिपोर्टच्या अटीवर बयाणा दिलाय. त्याच्या अंगाला बसलेला हार्नेस आणि गाडी त्याच्यासोबतच घेतोय, नवीन साज अंगावर नीट बसवणं सुरुवातीला आपल्याला जमत नाही आणि चुकीचा पट्टा काचला की चांगला घोडाही अडायला लागतो. घोडा लगेच घरी आणणार नाहीये, तो तिथेच राहील आणि मी शनिवारी जाऊन मालकाबरोबर जुंपायला-सोडायला शिकेन, त्याचे वेगळे पैसे ठरवलेत. तुम्हीही विकणाऱ्याला हे विचारून बघा, जो आनंदाने हो म्हणतो त्याच्याकडे परत जा.