एका आकड्याची दुरुस्ती

सैन्यातून निवृत्त होऊन चार वर्षे झाल्यावर माझे निवृत्तिवेतन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन निवृत्तिवेतन प्रणालीवर आले. तेव्हा पत्नीचे नाव आधार कार्डावर एक आणि पीपीओमध्ये, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशात, दुसरे असल्याचे लक्षात आले आणि त्या निमित्ताने काळ्या पेटीच्या तळाशी गुंडाळून ठेवलेले डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक, मी बाहेर काढले. नावाची नोंद तपासायची म्हणून उघडलेले ते पुस्तक मी प्रथमच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. पदकांच्या रकान्यात सहा नोंदी होत्या. त्यांत 'ऑपरेशन विजय मेडल' होते, परंतु 'ऑपरेशन विजय स्टार' नव्हते.

ज्यांना यातील फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९९९ च्या कारगिल युद्धासाठी दोन पदके दिली गेली. मेडल त्या काळात सीमेवर हलवलेल्या मोठ्या सैन्याला मिळाले. स्टार मात्र द्रास, कारगिल, बटालिक यांसारख्या प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात तैनात असलेल्यांसाठी होते. दोन्ही पदके मिळालेले पुष्कळ जवान आहेत. या स्टारबरोबर एक रुपयाही मिळत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण या खटाटोपात 'पैसे किती मिळणार?' हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा कोणताही विचारला गेला नाही.

मी १९९४ मध्ये ड्रायव्हर म्हणून भरती झालो आणि चोवीस वर्षांनी, जानेवारी २०१८ च्या अखेरीस, हवालदार म्हणून घरी आलो. मे १९९९ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या युनिटमधून आम्हां दोघा ड्रायव्हरांना तोफखान्याच्या एका रेजिमेंटकडे तात्पुरते, म्हणजे आमच्या भाषेत 'अटॅचमेंट'वर, पाठवण्यात आले. सोनमर्गहून झोजी ला ही खिंड ओलांडून द्रासच्या बाजूला तोफगोळे पोहोचवणे हे आमचे काम होते. शिखरांवर बसलेल्या शत्रूला राष्ट्रीय महामार्ग १-अ खाली स्वच्छ दिसत असल्यामुळे गाड्या रात्री आणि दिवे बंद करून न्याव्या लागत. पाच महिने असे गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस मी मूळ युनिटमध्ये परतलो. माझा जोडीदार पुढे त्याच रेजिमेंटवर कायमचा बदलून गेला आणि त्याच्या नोंदींत स्टार आले. माझ्या बाबतीत कंपनी क्लार्क दर वेळी 'क्लेम गेला आहे' एवढेच सांगत राहिला. पुढे बदल्या झाल्या, क्लार्क बदलले आणि मीही विचारणे सोडून दिले. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकावर सही करताना ते नीट वाचले नाही, ही चूक सर्वस्वी माझी.

पहिला अर्ज मी २०२२ मध्ये अभिलेख कार्यालयाला, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला, पाठवला. तो तीन पानांचा होता. त्यात बर्फ होता, तोफांचे आवाज होते, गाडीच्या टपावर पडलेले दगड होते आणि शेवटी न्यायाची विनंती होती. कागद मात्र एकही जोडलेला नव्हता. चार महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: उपलब्ध सेवा अभिलेखानुसार सदर पदकाची पात्रता आढळत नाही, कागदोपत्री पुरावा असल्यास सादर करावा. ते उत्तर वाचून मला जो संताप आला तो आज आठवला की थोडे हसू येते, कारण त्या कार्यालयाच्या जागी मी असतो तरी याहून वेगळे उत्तर देता आले नसते.

ते पत्र घेऊन मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तेथील कल्याण संघटक हे निवृत्त सुभेदार. त्यांनी माझा तीन पानी अर्ज शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हवालदार, तुम्ही काय केलंत ते यात सगळं आहे. कुठल्या कागदात काय चुकलंय, ते कुठंच नाही." मी म्हणालो, "साहेब, कागद माझ्याकडे नाहीत, त्यांच्याकडे आहेत." "मग त्यांच्याकडूनच मागवा की," असे म्हणून त्यांनी मला पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणायला धाडले.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्जाचे शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे, हे बहुतेकांना माहीत असते. अर्ज कसा लिहावा हे मात्र मला सुभेदार साहेबांनी शिकवले. 'मला पदक का मिळाले नाही' असे विचारले तर त्याचे उत्तर मिळत नाही, कारण ती कागदावर असलेली माहिती नसते. म्हणून आम्ही फक्त प्रती मागितल्या: माझ्या शीट रोलची, म्हणजे अभिलेख कार्यालयातील माझ्या सेवेच्या मूळ नोंदपत्राची, संपूर्ण प्रत, मे ते नोव्हेंबर १९९९ या काळात माझ्याबद्दल प्रसिद्ध झालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि त्याच महिन्यांतील माझ्या वेतन खात्यातील भत्त्यांच्या नोंदी. पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाच्या आयुष्याची सरकारी रोजनिशीच. लग्न, मूल, बदली, रजा, बढती, अटॅचमेंट यांपैकी जे त्यात छापले गेले तेवढेच शीट रोलवर चढते, आणि जे छापले गेले नाही ते अभिलेखाच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

सव्वीस दिवसांनी पाकीट आले. मी आणि थोरला मुलगा स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी उभे राहूनच एकेक पान पाहू लागलो. अटॅचमेंटची ऑर्डर अकराव्या पानावर सापडली. गेल्याची तारीख बरोबर, परतल्याची तारीख बरोबर, माझा सैनिक क्रमांक बरोबर. रेजिमेंटचा क्रमांक मात्र चुकलेला होता: जिथे १ हवा तिथे ७ टंकलेला होता. शीट रोलवरही तोच ७ हाताने उतरवलेला होता. सरकारी कागदानुसार ते पाच महिने मी अशा एका युनिटमध्ये काढले होते, जे मी जन्मात पाहिलेले नाही आणि ज्याचा त्या क्षेत्राशी संबंध नव्हता. मूळ युनिटने स्टारच्या यादीत माझे नाव घातले नाही, कारण मी तिथे हजर नव्हतो. आणि ज्या रेजिमेंटसोबत मी होतो तिने घातले नाही, कारण मी तिच्या पटावर नव्हतो. तेवीस वर्षे मी कोणाची तरी आकसबुद्धी असावी असे धरून चाललो होतो, आणि निघाला तो एक टायपिंगचा आकडा.

चूक सापडली तरी ती चूक आहे हे सिद्ध करणे बाकी होते, आणि माझा खरा वेळ त्यात गेला. आज मी प्रतिज्ञापत्र करून 'मी तिथे होतो' असे लिहून दिले तर त्याला वजन नाही. त्याच काळात, दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी केलेली नोंद लागते. पहिल्यांदा मला गाडीची कार डायरी आठवली, कारण प्रत्येक फेरी, अंतर आणि ठिकाण तिच्यात लिहिलेले असते. परंतु अशा डायऱ्या कधीच्याच नष्ट झालेल्या होत्या. मग पत्नीने जपून ठेवलेली अंतर्देशीय पत्रे काढली. त्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून माझ्याच अक्षरात रेजिमेंटचा बरोबर क्रमांक आणि '५६ ए. पी. ओ.' हा सैन्याच्या टपालाचा पत्ता होता, टपालाच्या शिक्क्यातील तारखाही वाचता येत होत्या. सुभेदार साहेबांनी ती हातात घेऊन परत दिली आणि म्हणाले, "ही घरात ठेवा. अक्षर तुमचंच आहे ना, चालणार नाही."

उपयोगी पडली ती एक चिठ्ठी. ऑगस्टमध्ये दारूगोळ्याची पेटी उतरवताना माझ्या डाव्या हाताची करंगळी चेंगरली होती आणि मला चार दिवस फील्ड अँब्युलन्समध्ये, म्हणजे सैन्याच्या आघाडीजवळच्या दवाखान्यात, ठेवले होते. तिथून सुटी देताना मिळालेला तळहाताएवढा कागद पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस, देवाच्या फोटोमागे, खोचलेला सापडला. घडीवर तो फाटत आला होता आणि शाई तपकिरी पडली होती, पण युनिटच्या रकान्यात डॉक्टरांच्या अक्षरात रेजिमेंटचा क्रमांक लिहिलेला होता, आणि त्यातला तो आकडा १ होता. करंगळी अजून नीट मिटत नाही. त्या दिवशी प्रथमच मला तिचे काही वाटले नाही.

दुसरा पुरावा भत्त्यांच्या नोंदींचा. पाकिटातील वेतन खात्याच्या प्रतीत त्या महिन्यांत माझ्या नावावर उंच प्रदेशातील सेवेचा भत्ता जमा झालेला होता, आणि चुकीच्या क्रमांकाच्या युनिटमध्ये असतो तर तो मिळण्याचे कारणच नव्हते. तिसरा पुरावा त्या वेळच्या बॅटरी कमांडरांचे, म्हणजे रेजिमेंटमधील तोफांच्या तुकडीच्या प्रमुखांचे, प्रमाणपत्र. ते आता निवृत्त आहेत. माजी सैनिकांच्या ओळखीतून त्यांचा पत्ता मिळवला, दोन पानी पत्र लिहिले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःचा सेवा क्रमांक घालून, मी कोणत्या तारखांना त्यांच्या बॅटरीसोबत होतो ते लिहून पाठवले. अशी प्रमाणपत्रे एकटी टिकत नाहीत, पण समकालीन कागदाच्या जोडीला असली की त्यांना किंमत येते.

संबंधित रेजिमेंटकडेही मी माहिती मागितली होती. वॉर डायरीचा, म्हणजे युनिटच्या युद्धकाळातील रोजच्या नोंदींचा, उतारा सुरक्षेच्या कारणास्तव, कलम ८(१)(क) खाली, नाकारला गेला. त्याविरुद्ध पहिले अपील तीस दिवसांत करता आले असते, परंतु मी केले नाही. फील्ड अँब्युलन्सची चिठ्ठी हाती असताना नव्या वादात पडण्यात अर्थ नव्हता.

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. पहिल्या परिच्छेदात माझा क्रमांक, हुद्दा, नाव आणि सेवेचा काळ. दुसऱ्यात ऑर्डरचा क्रमांक व तारीख, तिच्यात काय छापले आहे आणि काय हवे होते. तिसऱ्यात तीन सहपत्रांचे वर्णन. आणि शेवटी दोन स्वतंत्र विनंत्या. स्वतंत्र हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पहिली विनंती, चुकीची पार्ट टू ऑर्डर रद्द करून सुधारित ऑर्डर प्रसिद्ध करावी व शीट रोल दुरुस्त करावा. दुसरी, त्या दुरुस्तीच्या आधारे स्टारची पात्रता तपासावी. पहिल्या अर्जात मी थेट पदक मागितले होते. पण नोंद चुकीची असताना पदक मागणे म्हणजे पाया न घालता छत मागण्यासारखे होते. प्रतींवर साक्षांकन केले, मूळ चिठ्ठी स्वतःकडे ठेवली, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीसह सगळे रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसहित पाठवले.

याच काळात एका वकिलांनी मला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाण्याचा सल्ला दिला. २००७ च्या अधिनियमाने स्थापन झालेला तो मार्ग आहेच, परंतु विभागाकडे दाद मागण्याचे उपलब्ध मार्ग आधी वापरलेले असणे तेथे सामान्यतः अपेक्षित असते, आणि अंतिम आदेशानंतर साधारणपणे सहा महिन्यांत जावे लागते. माझ्या अर्जावर अजून अंतिम आदेशच झालेला नव्हता. मी थांबलो आणि ते बरे केले.

पत्नीच्या नावाचे काम दरम्यान उरकले. आमच्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत असल्याने पार्ट टू ऑर्डरमध्ये माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, असा तो घोळ होता. दंडाधिकाऱ्यांसमोरचे प्रतिज्ञापत्र, एका मराठी व एका इंग्रजी वर्तमानपत्रातील जाहिरात आणि ओळखपत्रांच्या प्रती दिल्यावर सुधारित पीपीओ आली. ज्यांच्या घरी असा फरक असेल त्यांनी हे स्वतः हयात असतानाच करून घ्यावे. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी ही धावपळ मागे राहिलेल्या बाईला एकटीने करावी लागते, आणि मी ती दोन घरांत पाहिली आहे.

दुसऱ्या अर्जावर मधे एक शंका आली: चिठ्ठीवरचा हुद्दा आणि शीट रोलवरचा हुद्दा वेगळा का? डॉक्टरांनी नुसते 'ड्रायव्हर' लिहिले होते. त्याचा खुलासा अर्ध्या पानात पाठवला. त्यानंतर पाच महिने काही नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी अभिलेख कार्यालयाच्या वेटरन्स सेलला, म्हणजे माजी सैनिकांच्या कक्षाला, फोन करत असे, अर्जाचा आवक क्रमांक सांगत असे आणि समोरच्याचे नाव व उत्तर एका वहीत लिहून ठेवत असे. नंतर नंतर तिथला तरुण नाईक माझा आवाज ओळखू लागला आणि क्रमांक सांगण्याआधीच म्हणू लागला, "सर, अभी प्रोसेस में है."

२०२४ च्या पावसाळ्यात सुधारित ऑर्डरची प्रत आली आणि सोबत डिस्चार्ज बुक नोंदीसाठी पाठवण्याची सूचना. ते पोस्टात टाकताना हात अडखळला, म्हणून आधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढली. सहा आठवड्यांनी पुस्तक परतले. पदकांच्या रकान्यात सातवी नोंद होती, शेजारी अधिकाऱ्याची लहान सही, तारीख आणि गोल शिक्का. सोबत शीट रोलच्या दुरुस्त पानाची प्रत होती. तिच्यातला ७ खोडून टाकलेला नाही. त्याच्यावर एक आडवी रेघ मारून वर १ लिहिलेला आहे, आणि जुना आकडा खाली वाचता येतो.

प्रत्यक्ष पदक अजून आलेले नाही. मागणी नोंदवली असून उपलब्धतेनुसार पाठवले जाईल, असे पत्र आले आहे. ते पत्र मी फील्ड अँब्युलन्सच्या चिठ्ठीबरोबर पेटीच्या झाकणात खोचून ठेवले आहे, आणि पहिल्या सोमवारचा फोन चालू आहे.