कोणता डॉक्टर हवा?

मार्चमध्ये एका पहाटे आईने कूस बदलली आणि घाबरून मला हाक मारली. खोली गरगर फिरत होती. मिनिटभरात थांबलं, पण पुन्हा कुशीवर वळली की पुन्हा तेच. आम्ही कोथरूडला नवे, फॅमिली डॉक्टर साताऱ्याला राहिलेले. मी डॉक्टर शोधायचं ॲप उघडलं.

ॲपचा पहिलाच प्रश्न, कोणता तज्ज्ञ हवा? तेच तर मला कळत नव्हतं! चक्कर म्हणजे मेंदू, असं धरून मी न्यूरॉलॉजिस्ट निवडले. यादीत सगळ्यात वरचं नाव, ४.५ तारे, संध्याकाळी ६:३० ची वेळ. नावाशेजारी बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ होतं, ते नंतर दिसलं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “ॲपची वेळ अंदाजे असते, इथे नंबराप्रमाणे सोडतो.” आमचा नंबर १९. आई मान न हलवता भिंतीला टेकून बसली. कुणी हाक मारली की वळायची आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरायची. तीनदा विचारलं, तीनदा ‘पाच मिनिटं’. सव्वासातला ॲपचा मेसेज आला, ‘तुमची भेट कशी झाली?’ आम्ही अजून बाहेरच! संताप आवरत मी अभिप्राय नीट वाचले. स्टाफ नम्र, क्लिनिक स्वच्छ, पार्किंगची सोय. चक्कर कुणाची थांबली, त्याबद्दल अक्षर नाही. नऊला आत गेलो, चार मिनिटांत एमआरआयची चिठ्ठी घेऊन बाहेर.

सकाळी साताऱ्याला फोन लावला. तो आदल्या दिवशीच करायला हवा होता. डॉक्टरकाकांनी विचारलं, “कूस बदलल्यावरच येते का? किती वेळ टिकते?” मग म्हणाले, “आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.”

तिथे आईला पटकन आडवं करून डोळ्यांची हालचाल पाहिली. आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागेवरून सरकले होते. डोकं ठरावीक क्रमाने वळवलं, त्याला एप्ली म्हणतात. दहा मिनिटांत झालं. आई माझा हात न धरता रिक्षापर्यंत चालत आली, तेव्हा मला रडू आवरेना.

ॲप वापराच, पण कुणाकडे जायचं हे आधी ओळखीच्या एमबीबीएस डॉक्टरांना विचारा. घरून निघताना क्लिनिकला फोन करून कितवा नंबर चालू आहे तेही विचारा. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते.

आणि हे तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळा पडला, तर ॲप उघडत बसू नका. थेट १०८ लावा.